वादळाची आगाऊ वर्दी
लहान मुलांच्या पोटाला पुरेसं मिळत नाही त्या देशानं अवकाशात पैसा का घालावा, हा प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर शोधायला ओडिशाच्या किनाऱ्यावर जावं. ऑक्टोबर १९९९ मध्ये चक्रीवादळात एरसमा भागात समुद्र गावांवर चालून आला आणि राज्यात सुमारे १०,००० माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ चक्रीवादळ धडकलं, तेव्हा मृत्यू पन्नासच्या आत राहिले. श्रीहरिकोट्याहून २००२ मध्ये सोडलेला ‘कल्पना-१’ उपग्रह वादळाचा डोळा किती सरकला, हे वरून सतत दाखवत होता. अर्थात, नुसत्या छायाचित्रानं कुणी वाचत नाही. निवारे आधीच बांधलेले होते, कर्मचारी दारोदार फिरले, म्हाताऱ्यांना उचलून नेलं, जवळपास १० लाख लोक हलवले. पण कुठली गावं, कधी रिकामी करायची, हे आधी कळावं लागतं. २०२४-२५ मध्ये अवकाश विभागाला सुमारे १३,००० कोटी मिळाले. केंद्राच्या शंभर रुपयांतले तीस पैसेसुद्धा नाहीत. कुपोषणाचा जाब जरूर विचारावा, मात्र तो उरलेल्या नव्याण्णव रुपये सत्तर पैशांना.