बाटलीआधी गाळणी

पावसाळा लागला की गॅरेजच्या फळीवरच्या अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या भराभर उठतात. पिकअप नाही, अ‍ॅव्हरेज पडले, धूर वाढला. मालकाची तक्रार काहीही असो, उपाय ठरलेला: टाकीत एक बाटली. जुन्या इंजिनांनी आपल्या असल्या सवयी निमूट सोसल्या. कोणी रॉकेल मिसळले, कोणी टू-स्ट्रोकचे ऑइल. १ एप्रिल २०२०पासून आलेले बीएस-६ ट्रक मात्र तेवढे सोशिक नाहीत.

त्याला दोन कारणे आहेत. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १,६०० ते २,००० बारच्या घरात जातो. इंजेक्टरमधल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या, आणि तिथे वंगण म्हणून असते ते डिझेलच. रॉकेलने ते वंगण पातळ होते. दुसरे कारण सायलेन्सरच्या वाटेवर बसलेले डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी). त्यातली काजळी रिजनरेशनमध्ये जळते, राख जळत नाही. धातूचा अंश असलेले अ‍ॅडिटिव्ह किंवा इंजिन ऑइल डिझेलमध्ये गेले, की त्याची राख तिथेच साचत राहते.

म्हणजे अ‍ॅडिटिव्ह वाईटच, असे नाही. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत फार तर १० भाग असते. ते काढताना डिझेलचा वंगणगुण घटतो, म्हणून रिफायनरीच त्यात सुधारक मिसळते. लडाखच्या थंडीत डिझेल गोठते म्हणून चालक त्यात रॉकेल घालत; २०१९मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल तिथे पोचवले. चांगले डिटर्जंट नोझलवर थर जमू देत नाही, हेही खरे. पण झिजलेली नोझल कोणत्याही बाटलीने भरून येत नाही.

पावसाळ्यातल्या तक्रारींत आधी संशय घ्यावा तो पाण्याचा. काही अ‍ॅडिटिव्ह पाणी डिझेलमध्ये विरघळल्यासारखे मिसळवतात. मग वॉटर सेपरेटरला ते वेगळे काढता येत नाही आणि ते थेट इंजेक्टरपर्यंत पोचते. बाटली ‘लागू पडली’ असे वाटते ते तेवढ्यापुरतेच.

म्हणून मिस्त्रीबंधूंना एवढेच सांगणे: आधी सेपरेटरचे पाणी काढा, फिल्टर पाहा, स्कॅनर लावून कोड वाचा, कंपनीचे मॅन्युअल उघडा. त्यानंतरही बाटली घालायचीच असेल, तर तिचे नाव आणि प्रमाण बिलावर लिहा. जे बिलावर लिहायला हात कचरतो, ते गिऱ्हाइकाच्या टाकीत ओतू नका.