चूक एकीकडे, ओरड दुसरीकडे

मंडळी, यंत्राने दाखवलेली चूक आणि खरोखर झालेली चूक यांचं एकमेकींशी नातं काय, या प्रश्नाने मला गेले तीन महिने पछाडलंय. निमित्त आहे लाटेक नावाच्या प्रकाराचं.

ज्यांना हे माहीत नाही अशा माझ्या बहिणी-भावजयांसाठी दोन शब्द. यात मजकूर साधा टाइप करायचा आणि मधे मधे खुणा पेरायच्या: इथून मथळा, इथे यादी संपली, इथून गणित सुरू. मग यंत्र ती फाइल वाचून छापखान्यात देण्याजोगी पानं बांधून देतं. मूळचं टेक हे डोनाल्ड कनूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहायला घेतलं. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहून ते खट्टू झाले होते, म्हणून हा सगळा उद्योग. पुढच्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक रचलं. गणित छापायला याच्या तोडीचं दुसरं काही नाही, असं जाणकार म्हणतात आणि छापलेलं पान पाहिलं की पटतं.

आमचे एक ज्येष्ठ गुरुजी आहेत. यंदा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. चाळीस वर्षं त्यांनी तोंडी हिशेबाची उदाहरणं वह्यांत उतरवून ठेवली, आणि त्यांची चौसष्ट पानांची पुस्तिका त्या दिवशी त्यांच्या हाती द्यायची असं आम्ही ठरवलंय. गुरुजींची नजर आता अधू झालीय. पुस्तिका हातात येईल तेव्हा ती दुसरं कुणीतरी त्यांना वाचून दाखवणार, आणि उदाहरण चुकलं तर ऐकताक्षणी त्यांच्या लक्षात येणार. त्यांचाच एक माजी विद्यार्थी नोकरी सांभाळून रात्री टाइप करतो. फाइल माझ्याकडे येते, मी ती चालवून पाहतो.

आता या यंत्राची बोलण्याची रीत ऐका. 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड.' नवख्या माणसाला वाटेल, पैशाचा काही व्यवहार आहे! गणित डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये लिहायचं असतं. त्यातलं बंद करणारं चिन्ह राहिलं की यंत्र हे म्हणतं. जास्त मदत मागितली तर ते सांगतं, तुम्ही चिन्ह विसरलात असं वाटतंय म्हणून मी एक घातलंय, आता देवाचं नाव घ्या आणि पुढे चला. (शब्दशः देवाचं नाव नाही, पण भाव तोच.) मला हा विनय आवडतो. अडचण एवढीच, की ओळीचा आकडा ते परिच्छेद संपला तिथला देतं. चिन्ह पाच ओळी वर राहिलेलं असतं. परिच्छेद संपेपर्यंत यंत्राला काही वावगं वाटलेलंच नसतं.

दुसरा नमुना. एखादा शब्द ठळक करायचा म्हणून महिरपी कंस उघडला आणि बंद केला नाही, तर 'रनअवे आर्ग्युमेंट' असा पुकारा होतो, आणि खाली 'टेक्स्ट-ॲट-कमांड' पुरी होण्याआधीच परिच्छेद संपला अशी तक्रार. ही कुठली कमांड? आपण तर ती लिहिलेली नाही! ती लाटेकच्या पोटातली. घरातल्या भांडणात शेजाऱ्याच्या मावसभावाचं नाव यावं तसं.

यातून मी एवढं शिकलो की ओळीचा आकडा म्हणजे चोरी झाल्याची जागा नव्हे, आरडाओरड सुरू झाल्याची जागा. तिथून मागे चालत जायचं. आणि चाळीस चुका दाखवल्या तरी पहिलीच खरी धरायची. ती दुरुस्त करून पुन्हा चालवलं की उरलेल्या एकोणचाळिसांतल्या पुष्कळशा आपोआप जातात, कारण त्या तिचीच पिल्लं असतात. तरीही सापडेना तर फाइलचा अर्धा भाग बाजूला ठेवून चालवायची. तक्रार गेली तर दोष त्या अर्ध्यात. चौसष्ट पानांत असं सहा वेळा केलं की एका पानावर येतो आपण. काही निरोप तर फार शहाणे असतात. अमुक ओळीवर सुरू केलेली यादी तमुक ठिकाणी संपवलीत, असं दोन्ही टोकांसकट सांगणारा एक आहे. त्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

पण माझी खरी तक्रार या ओरडण्याबद्दल नाहीच. यंत्र जिथे गप्प बसतं त्याबद्दल आहे.

लाटेकमध्ये शेकड्याच्या चिन्हाचा अर्थ 'इथून पुढची ओळ वाचू नकोस' असा आहे. टिपणं लिहिण्यासाठी केलेली सोय ती. चिन्ह छापायचं असेल तर आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. आता हिशेबाच्या पुस्तिकेत शेकडे किती, विचारू नका. 'दुकानदाराने ४०० रुपयांची वस्तू २०% नफ्याने विकली, तर विक्रीची किंमत किती?' हे उदाहरण छापून आलं 'दुकानदाराने ४०० रुपयांची वस्तू २०' एवढंच. नफा-तोट्याचं अख्खं प्रकरण असं मुंडकं उडवलेलं, आणि पडद्यावर एकही चूक नाही! यंत्राच्या लेखी सगळं बिनचूक होतं, कारण त्याला जे सांगितलं ते त्याने केलं.

मराठीची गत याहून बिकट. पूर्वी टेकमध्ये देवनागरी छापायची म्हणजे फ्रान्स वेल्थाउस यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठासाठी केलेली सोय वापरायची, रोमन अक्षरांत टाइप करून. जोनाथन क्यू यांचं झीटेक २००४ मध्ये आलं आणि थेट देवनागरी टाइप करणं सुकर झालं. पण निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी अक्षर नसेल तर तिथे रिकामी जागा किंवा चौकोन येतो, आणि 'मिसिंग कॅरॅक्टर' ही नोंद कित्येक वर्षं फक्त लॉगच्या फाइलमध्ये, हजार ओळींच्या गर्दीत पडून राहायची. २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स' या सेटिंगला ३ ही किंमत दिली की यंत्र याला चूक मानतं; प्रत्येक मराठी फाइलच्या माथ्यावर ती ओळ हवीच, असं माझं मत आहे. आणि फाँट निवडताना लिपी देवनागरी आहे हे वेगळं सांगितलं नाही, तर वेलांट्या भलत्या बाजूला जातात, जोडाक्षरं सुटी पडतात. 'विद्यार्थी' ओळखू येत नाही. त्याबद्दल तर लॉगमध्येही अवाक्षर नाही. एक कंस राहिला तर आकाशपाताळ एक, आणि भाषा मोडली तर मौन!

आम्हा नेवासेकरांना याचं नवल वाटू नये खरं तर. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी इथेच पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकलांच्या नकला होत गेल्या, आणि कुठल्याही नकलेतला चुकलेला शब्द 'मी चुकलोय' असं म्हणत नाही. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली. पोथी पोथीशी ताडून पाहण्यापलीकडे गप्प चुकीवर दुसरा उपाय नाही.

आमचे पुण्याचे मेहुणे विचारतात, एवढी कटकट कशाला, वर्डमध्ये का नाही केलंत? दाजी, अपूर्णांकांची पानं एकदा वर्डमध्ये करून पाहा, मग बोलू. ते असो. दुसरं म्हणणं असतं की हे निरोप मराठीत करून घ्या. यंत्राच्या पोटातले होणं कठीण. कनूथ यांनी टेकमध्ये नवी भर घालणं कधीच थांबवलंय. आवृत्तीचा आकडासुद्धा दुरुस्तीगणिक पायच्या किमतीकडे सरकतो, २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. पण नेहमी येणारे पंधरा-वीस निरोप, त्यांचा खरा अर्थ आणि मागे किती पाहायचं, एवढं मराठीत लिहिलेला एक कागद प्रत्येक टंकलेखकाच्या टेबलावर असायला काय हरकत आहे? चूक कळवताना अपमान वाटू नये हे कनूथ यांना मात्र चांगलं उमगलं होतं. आपल्या लेखनात चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा धनादेश देत, आणि टेक लिहिताना झालेल्या स्वतःच्या चुकांची नोंद ठेवून ती त्यांनी १९८९ मध्ये छापली.

सध्या रोज दुपारी मी वही घेऊन मोठ्याने वाचतो आणि सौ. छापील पानावर बोट ठेवून ऐकते. काल एकोणतिसाव्या पानावर तिने थांबवलं. व्याजाच्या उदाहरणात मुदत छापलीच नव्हती. यंत्राने ते पान एकही तक्रार न करता बांधून दिलं होतं. अजून पस्तीस पानं बाकी आहेत.