अर्जांतील पूर्वपक्ष

उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या तरुणांच्या अर्जांचे मसुदे हल्लीं वरचेवर आमच्या पाहण्यांत येतात. फ्रान्समध्यें फाँतेनब्लो येथें १९५७ सालीं स्थापन झालेल्या इन्सेआद या व्यवस्थापनविद्यालयानें वर्षानुवर्षें अर्जदारांस स्वतःचे गुण व दोष दोन्ही मोकळेपणीं लिहावयास सांगितलें. अमेरिकेंतही बर्कलीसारखीं विद्यापीठें अभ्यासाच्या उद्देशाखेरीज स्वतःच्या वाटचालीचें वेगळें निवेदन मागतात.

येथेंच घोडें अडतें. ‘अतिपरिश्रम हाच माझा दोष’ असें वाक्य पुष्कळ मसुद्यांत सांपडतें. दोषाचा अंगरखा घातलेला हा गुण, ढिगानें अर्ज वाचणारे प्राध्यापक तेव्हांच ओळखतात. शिवाय लपवून साधतें काय? प्रत्येक सत्राचें गुणपत्रक अर्जासोबत जातेंच. बहुधा तीन अध्यापकांचीं शिफारसपत्रेंही जातात. प्रवेशानंतर तीं पाहण्याचा १९७४ च्या अमेरिकन कायद्यानें दिलेला हक्क अर्जदार बहुधा आपण होऊन सोडतो. घसरलेले गुण दिसणारच. कारण न सांगितल्यास वाचणारा तें कल्पनेनें भरून काढील, आणि अशी कल्पना सहसा उदार नसते.

आपले शास्त्रकार प्रतिपक्षाचा आक्षेप प्रथम स्वतःच मांडीत; त्यास पूर्वपक्ष म्हणत. पूर्वपक्ष दुबळा, तर त्यावर उभारलेला सिद्धान्तही दुबळाच. अर्जांत दोषाचें स्थान हेंच. तो दोन वाक्यांत, नेमका सांगावा: ‘दुसऱ्या वर्षीं गणितांत मी अनुत्तीर्ण झालों. वर्गांत शंका विचारण्याची मला लाज वाटे.’ मग उत्तरपक्ष: कोणाकडे शिकावयास गेलों, परीक्षा पुन्हां केव्हां दिली, आणि अद्याप काय उरलें आहे. हें शेवटचें विशेष महत्त्वाचें. दोष समूळ गेला म्हणणारावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. मात्र परीक्षकावर खापर फोडूं नये, आणि आजाराचा वा घरगुती दुःखाचा सारा तपशील दिलाच पाहिजे असेंही मानूं नये.

आतां घरांतील वडील मंडळींस एक विनंति. मसुदा काका वाचतात, आत्या वाचतात, आणि कोणाच्या तरी लेखणीनें ‘अनुत्तीर्ण’ हा शब्द खोडला जातो. घराण्याच्या अब्रूची ही काळजी आम्ही जाणतों. परंतु ज्या मुलांस आपली उणीव घरांत बोलतां येत नाहीं, त्यांनीं ती परक्या देशांत कोणापुढें बोलावी? पहिल्याच सत्रांत अडलें, तर तेथें मदत मागावीच लागते. शुद्धलेखन अवश्य तपासा. दोष मात्र ज्याचा त्याला लिहूं द्या.