पान मोठे, जबाबदारीही मोठी

जळगाव : अँड्रॉइड १५ व त्यापुढील आवृत्तींसाठीच्या नव्या ॲप्सनी आणि जुन्या ॲप्सच्या सुधारित आवृत्त्यांनी १६ केबीच्या 'पानां'वर चाललेच पाहिजे, असा नियम गुगलने १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केला. जळगाव-धुळ्यातील लहान ॲपनिर्मात्यांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये.

प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, मेमरीची पाने पाडतो. कोणते पान कोठे, याची छोटीशी यादी प्रोसेसर हाताशी ठेवतो. एक जीबीत ४ केबीची २,६२,१४४ पाने होतात, १६ केबीची ६५,५३६. पाने घटली की शोधाशोधही घटते. मेमरीवर ताण असताना ॲप उघडण्याचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनी कमी झाल्याचे गुगलच्या चाचण्या सांगतात. मात्र चिमूटभर माहितीलाही अख्खे पान लागते, त्यामुळे मेमरी थोडी अधिक खर्ची पडते.

निव्वळ जावा किंवा कोटलिनमधील ॲप्सना अडचण नाही. सी, सी++ मधील तयार भाग जोडलेली ॲप्स मात्र नव्याने बांधून तपासावी लागतील. हातातले ४ केबीचे फोन पूर्ववत चालतील. प्रश्न आहे तो उद्याच्या फोनचा. बाजारभाव पाहणाऱ्या शेतकऱ्याचे ॲप कर्त्याने वाऱ्यावर सोडले असेल, तर वेगवान फोन घेऊनही ते बंद पडण्याचा धोका आहे.