आजोबांच्या फियाटला मारुतीचं इंजिन बसवण्याआधी

कोपर स्टेशनजवळच्या एखाद्या जुन्या सोसायटीत कव्हराखाली झोपलेली फियाट तुम्ही पाहिली असेल. टायर बसलेले, मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने काढलेला बदाम. सध्या रील्समध्ये अशा गाड्यांची चलती आहे. मारुतीचं इंजिन, मॅट काळा रंग, रुंद चाकं... झाली रॅली कार!

थांबा जरा. ती मुळातच शर्यतीच्या घराण्यातली आहे. १९५३ साली इटलीत आलेली फियाट ११०० 'मिले मिलिया' या हजार मैलांच्या शर्यतीत धावली होती. तिचीच वंशज प्रीमियरने कुर्ल्यात बनवली. ती आपली पद्मिनी. (याच प्रीमियरचा आणखी एक कारखाना आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर होता. आता तिथे टॉवर आहेत.)

मूळ शर्यत १९५७च्या भीषण अपघातानंतर बंद पडली. १९७७पासून तिथे त्या काळच्या गाड्यांची रॅली होते आणि सुसाट पळणारा तिथे जिंकत नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायचं. लवकर पोचलात तरी गुण जातात.

जुन्या गाड्यांच्या शर्यतीतला मोठा नियमही असाच आहे: त्या काळी नव्हता तो भाग चालत नाही. सूट फक्त सुरक्षेला. रोल केज, बेल्ट, बॅटरी तोडायचा स्विच, आग विझवायचं नळकांडं. बाकी तेच १०८९ सीसी इंजिन, तेच ड्रम ब्रेक. मग दम आणायचा कुठून? कार्बुरेटर आणि पॉइंटच्या गॅपमधून. इथे लॅपटॉप जोडता येत नाही, कान लागतो. तो कान असलेले टॅक्सीवाल्यांचे मेकॅनिक आता कमी होत चाललेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्येच मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

कायदाही याच बाजूने आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. रॅलीला, प्रदर्शनाला नेता येते. रोज कॉलेजला नाही. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलात, की तो दर्जा गेला. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आत्ता कुठे त्या वयात येताहेत आणि नेमकं आत्ताच आपण त्यांची इंजिनं भंगारात घालतोय!

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर प्रोजेक्ट म्हणून हीच गाडी घ्या. एखाद्या जुन्या मेकॅनिककाकांना गाठा. आणि पहिल्याच दिवशी चावी फिरवू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, मग ब्रेक उघडा.