ओआरएसच्या नावाखाली साखरपाणी!

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका आईने जुलाबाने गळालेल्या पोराला औषधाच्या दुकानातून आणलेला रंगीत खोका पाजला. वर ठळक अक्षरांत 'ओआरएस' छापलेले. तीन खोके संपले, जुलाब वाढले, रात्री सलाईन लावावे लागले. खोका आम्ही वाचला. बारीक अक्षरांत कबुली होती की, जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले ओआरएस ते हे नव्हे!

केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच २०२२ साली अशी तळटीप छापून ते नाव वापरण्याची मुभा दिली होती. तळटीप वाचणार कोण? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षे झगडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मुभा रद्द झाली.

खऱ्या जलसंजीवनीत लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असते, शिवाय पोटॅशियम व सायट्रेट. ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आतड्यातून अंगात शिरते आणि त्यामागे पाणी. साखर फार झाली की उलट अंगातलेच पाणी आतड्यात ओढले जाते. १९७१ साली बोनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. ३० टक्क्यांच्या घरातले मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. शासनाला ते वारल्यावर आठवले. २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण!

पाकीट सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे फुकट मिळते. मागून घ्या. नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट पाजा, अंगावरचे दूध तोडू नका. झिंकच्या गोळ्याही मागा. पोर सुस्त पडले, पिईना, शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना.

पण जुलाब येतात कुठून? नळ गटारातून जातो तिथून. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायला गेलेल्यांच्या नातवंडांनी आज गटाराचे पाणी प्यायचे काय? नगरपालिकेची 'पैसे नाहीत' ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रतलामच्या खटल्यात धुडकावली आहे. तेव्हाचे कलम १३३ आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झाले, एवढाच फरक. पावसाळ्याआधी गटारातल्या नळाचे फोटो आणि वस्तीच्या सह्या घेऊन या. अर्ज आम्ही फुकट लिहून देऊ.