जनगणना २०२७ : अमरावती व अकोला जिल्ह्यांतील प्रगणक-पर्यवेक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
संचालक, जनगणना कार्य संचालनालय, महाराष्ट्र
जिल्हाधिकारी, अमरावती व अकोला

२०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्यात २८,८८,४४५ आणि अकोल्यात १८,१३,९०६ लोक नोंदले गेले. रेशनचा इष्टांक आजही त्याच गणनेवर बेतलेला आहे. २०२१ ची गणना झालीच नाही; त्याची झळ गरिबाच्या ताटाला बसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणनेचे काम आम्हा शिक्षकांना देता येते. ते आम्ही करणारच. ते चोख होण्यासाठी पुढील व्यवस्था हवी.

१. मेळघाटच्या धारणी-चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात. लोकसंख्या गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भ क्षण १ मार्चचा, होळी त्यानंतर. गणनेचा संपूर्ण काळ बाहेर असलेल्याची नोंद गावी होत नाही; तो असेल तिथेच व्हावी लागते. वीटभट्टी, बांधकाम, संत्र्याचे बगीचे येथे कोणी पोहोचले नाही, तर ही माणसे दोन्हीकडून सुटतात आणि मेळघाटचा आकडा दहा वर्षे खोटा राहतो. म्हणून तहसीलदारांनी ठेकेदारांकडून मुक्कामांची यादी जानेवारीतच घ्यावी. अशा मुक्कामांसाठी कोरकू बोलणारे स्वतंत्र प्रगणक नेमावेत. मातृभाषेचा रकाना अंदाजाने भरला जाऊ नये.

२. नोंदणी मोबाइलवर आहे. मेळघाटात अनेक गावांत रेंज नाही. तिथे माहिती उशिरा चढली म्हणून नोटीस काढू नये. प्रत्येक तालुक्यात माहिती चढवण्याचे केंद्र असावे. स्वतःचा फोन वापरणाऱ्यास डेटाचा खर्च आगाऊ मिळावा.

३. १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सर्व जातींची नोंद होणार आहे. जात, पोटजात, आडनाव यांचा घोळ दारात उभे राहून सोडवण्याचा अधिकार प्रगणकाला नाही. सांगितले तसेच लिहावे, असा लेखी आदेश मराठीत द्यावा. जनगणना कायदा, १९४८ चे कलम ११ कसुरीसाठी आमच्यावर शिक्षा ठेवते. मग आदेशाप्रमाणे केलेल्या नोंदीला संरक्षणही लेखी असावे.

४. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा असतात. एकाच शिक्षकाला परीक्षेचे पर्यवेक्षण आणि गणना ही दोन्ही कामे देऊ नयेत.

५. मानधन काम संपल्यापासून ३० दिवसांत थेट बँक खात्यात जमा करावे.

यांपैकी एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. आदेशाचे अधिकार आपल्याकडेच आहेत. प्रत्येक मागणीवरील निर्णय १५ दिवसांत लेखी कळवावा.